गेरोच्या डब्याचे टक्के

एकाहत्तर टक्के. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला, पण आकडा होता तोच राहिला. समोरच्या खुर्चीत बसलेल्या बाई चाचणीच्या जड चौकटीतून भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत होत्या आणि आधीची काच बरी होती की ही, हे त्यांना विचारायचं मी विसरलो होतो. ‘दोन्ही सारख्याच वाटतायत हो,’ त्या आपणहून म्हणाल्या. मी ‘बरोबर आहे’ म्हणालो आणि काउंटरवरच्या पडद्याकडे बघत राहिलो. खरं तर मला एक साधंसं काम उरकायचं होतं. पप्पांच्या हेस्लाखमधल्या फ्लॅटची इंटरनेटची लाइन तोडायची होती. पप्पा काही आठवड्यांपूर्वी एका शनिवारी जिना झाडताना पडले, खुब्याचं हाड मोडलं, हॉस्पिटलातून थेट वृद्धाश्रमात गेले आणि तिथून ते परत येणार नाहीत हे आम्ही सगळ्यांनी, त्यांच्यासकट, मान्य करून टाकलंय. फ्लॅट महिनाअखेरीस मालकाच्या ताब्यात द्यायचा. वीज झाली, गॅस झाला, राहिली लाइन. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात कंपनीच्या पानावर शिरायचं आणि बटण दाबायचं, इतकंच. पण त्या बटणापर्यंत जाताना वाटेत आमच्या घरच्या मेलबॉक्सांची यादी लागते. यादीत तिसरं नाव गेरोचं, माझ्या थोरल्या भावाचं, आणि पप्पांच्या आजारपणाच्या धावपळीत कित्येक आठवडे मी तिकडे फिरकलोच नव्हतो. गेरोच्या नावापुढे एकाहत्तर हा आकडा मी आजवर कधी पाहिला नव्हता.

लाइन पहिल्यांदा आली तेव्हा पप्पांनी जेवणाच्या टेबलावर बसून घरातल्या सगळ्यांना एकेक मेलबॉक्स काढून दिला होता. मुख्य खातं त्यांचं, बाकी आम्ही त्यांच्या हाताखाली: आई, गेरो, मी, धाकटी इर्मी. पासवर्डसुद्धा त्यांनीच ठरवून दिले, सकाळी शाळेचे डबे हातात द्यावेत तसे, आणि आई तेव्हापासून त्यांना डबेच म्हणायची. इर्मीनं आणि मी पुढे दुसरीकडे सोय केली. गेरोनं मात्र तोच पत्ता जिकडेतिकडे वाटून ठेवला होता, सायकलींच्या दुकानाला, जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्याला, कुठल्याशा होडीवाल्यांच्या क्लबाला. मग एका वसंतात त्यानं नोकरी सोडली, खोलीच्या किल्ल्या आईच्या पत्रपेटीत टाकल्या आणि गेला. भांडण नाही, चिठ्ठी नाही. पोलिसांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की सज्ञान माणूस आहे, हवं तिथे जाईल, घरच्यांना कळवलंच पाहिजे असा काही कायदा नाही. आई परत येऊन हातमोजेही न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली. मुख्य खात्यातून दुसऱ्याची पत्रं दिसत नाहीत, फक्त कोणाचा डबा किती भरलाय तो आकडा दिसतो. आमची योजना जुनी आणि स्वस्तातली, डबे इवलेसे, दोनचार रंगीत जाहिराती आल्या की फुगणारे. पहिले काही महिने गेरोचा आकडा चढत गेला आणि आई वाळत गेली. मग एका रविवारी आकडा एकदम खाली उतरलेला दिसला. कोणीतरी डबा रिकामा केला होता. ‘आहे,’ आई म्हणाली, ‘कुठं का असेना, आहे.’ त्यानंतर दर रविवारी मसूर आणि जाड शेवया खाऊन झाल्या की ती ॲप्रनला हात पुसत विचारायची, ‘टक्के किती?’ पप्पा उठून बघायचे आणि सांगायचे. एकतीस. तीस. बत्तीस. आठवडाभर चढलेला आकडा शनिवारी उतरलेला असायचा. ‘शनिवारी सुट्टी असते त्याला,’ आई म्हणायची, आणि त्या एका सुट्टीवरून तिनं त्याला हळूहळू एक नोकरी, एक खोली आणि समुद्राकडे उघडणारी एक खिडकी जमवून दिली होती.

आई आजारी पडल्यावर मुख्य खात्याचा पासवर्ड पप्पांनी मला दिला, म्हणजे मी तिच्या खाटेशी बसून फोनवरच आकडा दाखवू शकेन. शेवटी शेवटी तिला आकडा दिसायचा नाही, मी वाचून दाखवायचो. डॉक्टरांनी आता दिवसांचाच प्रश्न आहे असं सांगितलं त्या दिवशी मी गेरोला पत्र लिहिलं. जन्मात त्याला लिहिलेलं ते एकच. ‘आई जातेय. ये.’ एवढंच. शनिवारी आकडा खाली आला. मी हॉस्पिटलच्या दारात उभा राहिलो, रविवारीही उभा राहिलो. तो आला नाही. म्हणजे त्यानं डबा उघडला, माझ्या तीन शब्दांवरून त्याची नजर फिरली, आणि सायकलींच्या जाहिरातीबरोबर त्यानं तेही केरात टाकलं. दफनाच्या दिवशी पप्पांच्या शेजारी उभं राहून मी हे त्यांना बोलून दाखवलं, पुढेही दरवर्षी दाखवत आलो, आणि ते हू की चू न करता ऐकून घेत आले. मी मात्र त्या रागावर छान जगलो. खोटं कशाला बोलू? दर शनिवारी संध्याकाळी दुकान बंद केलं की मी आकडा बघायचो, तो उतरलेला असायचा, आणि मला बरं वाटायचं. आहे हरामखोर, मजेत आहे. बायको म्हणायची, तू त्याच्यावर चिडतोस तेवढा वेळ तरी तुला दुसरं काही दुखत नाही. ते अगदी खरं होतं.

आणि आता एकाहत्तर. मी बटण दाबलं नाही. मंगळवारी त्र्याहत्तर, गुरुवारी पंच्याहत्तर. एका गृहस्थांच्या उजव्या डोळ्याची काच मी डाव्या डोळ्याला बसवून दिली आणि ते तसेच रस्त्यावर गेले, मला मागून पळत जाऊन त्यांना आणावं लागलं. जेवताना काटा हातात राहायचा. तो मेला असेल, हे वाक्य मी मनात नीट पूर्ण करायचो नाही, ‘तो मे...’ एवढ्यावरच दुसरं काहीतरी आठवायचं, छतातून गळणारं पाणी, लेन्सची ऑर्डर. इतकी वर्षं ज्याचं तोंड बघायचं नाही असं मी ठरवलं होतं तो कुठल्यातरी बंदरात, परक्या खोलीत आजारी पडलाय आणि शेजाऱ्यांना त्याचं पूर्ण नावही ठाऊक नाही, असं दिसायला लागलं की मी उठून घरभर फिरायचो. यादीत त्याच्या नावापुढे एक छोटं बटण आहे, पासवर्ड बदलण्याचं. ते दाबलं असतं तर मी आत जाऊ शकलो असतो, पण तो जिवंत असेल तर बाहेर राहिला असता, आपल्याच घराचं कुलूप बदललेलं दिसावं तसं झालं असतं त्याचं. मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस नम्र होता. लाइन गेली की डबे गेले, म्हणाला, महिन्याभरात पुसले जातात, हवी तर लाइन तुमच्या पत्त्यावर, तुमच्या नावावर घ्या. मी विचारलं, एखादा कोणी त्यातला डबा वापरत असेल तर? त्यानं विचारलं, ‘कोण वापरतंय?’ मी आभार मानून फोन ठेवला.

त्या संध्याकाळी इर्मीचा फोन. ती रॉइटलिंगनच्या नगरपालिकेत आहे आणि घरातही नगरपालिकेसारखीच बोलते.

‘लाइन तोडलीस का?’

‘इर्मी, पंच्याहत्तर झालेत.’

‘काय पंच्याहत्तर?’

‘गेरोचे टक्के.’

‘फोल्कमार, तू चष्मे विकतोस की त्या डब्याची राखण करतोस? माणूस इतकी वर्षं तोंड दाखवत नाही आणि तू त्याची रद्दी मोजत बसलायस. तोड आणि मोकळा हो एकदाचा.’

‘त्याला काही झालं असलं तर?’

‘तर ते काय डब्यातून ओरडून सांगणार आहे तुला? पुढच्या शनिवारी किल्ल्या द्यायच्यात. मी बादल्या आणि फडकी आणते. तोवर लाइन तुटलेली पाहिजे.’ तिनं फोन लगेच ठेवला नाही. क्षणभर तिचा श्वास ऐकू येत राहिला, मग ठेवला.

मी फ्लॅटवर गेलो, का ते माहीत नाही, कदाचित मोडेम बघायला. रिकाम्या खोलीत तो एकटाच हिरवा डोळा मिचकावत होता. पण त्याआधी दारावरची पाटी दिसली. आमच्याकडे ज्याची जिना झाडायची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी टांगलेली असते, त्यानं झाडून घेतलं की तोच ती पुढच्या दाराला लावतो. पप्पा पडले तेव्हापासून ती आमच्याच दारावर होती, आणि जिन्यावर आठवड्यांची धूळ, पानं, कोणाच्या तरी बुटांची माती. मी आत जाऊन केरसुणी आणि सुपली काढली आणि वरून सुरुवात केली. मी तिसऱ्या पायरीवर असताना श्टाइमलेबाईंचं दार उघडलं. पप्पांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या माझ्या शाळेच्या दिवसांपासून राहतात.

‘आलात एकदाचे! अहो, आम्ही झाडलं असतं की. पण पाटी तुमच्या दारावर. पाटी असताना दुसऱ्यानं केरसुणी उचलली तर बरं दिसत नाही.’

‘पप्पा हॉस्पिटलात होते हो.’

‘माहीत आहे ना. म्हणून तर काही बोललो नाही.’ त्या कठड्याला टेकल्या. ‘कोपऱ्यात घ्या जरा. तुमचे पप्पा कोपऱ्यात ब्रश घालायचे. जिना, मग फुटपाथ, मग कचऱ्याच्या पिंपांची जागा. मी म्हणायची, झालं ना आता, या कॉफीला. तर म्हणायचे, नाही हो, थोरल्याचं झाडायचं राहिलंय अजून. आणि वर जाऊन कॉम्प्युटर लावून बसायचे. पाटी नसली तरी शनिवारी हे चुकायचं नाही. मला आधी वाटलं, वयामुळे असं काहीबाही बोलतात.’

मी कोपऱ्यात ब्रश घातला. माझ्या मनात पाल चुकचुकली असं म्हणायला हवं, पण तसं झालं नाही, सगळं एकदमच कळलं, पायाखालची पायरी नाहीशी व्हावी तसं. शनिवार. पप्पा शनिवारी पडले होते, जिन्याच्या मधोमध, वर जायच्या आधी. मी पूर्ण जिना झाडला, पुसला, फुटपाथही केला, कारण त्या दारात उभ्या होत्या, पाटी पुढच्या दाराला लावली आणि मग ट्राम पकडून वृद्धाश्रमात गेलो.

पप्पा खिडकीशी बसले होते. कॉफी त्यांना झाकणाच्या पेल्यात देतात, तो अपमान त्यांनी न पिता बाजूला ठेवला होता. बाहेर एक माणूस यंत्रानं पानं फुंकत होता. ‘हे बघ,’ पप्पा म्हणाले, ‘इकडची पानं तिकडे. याला झाडणं म्हणतात का?’

‘पप्पा, गेरोचा डबा तुम्ही झाडायचात?’

ते बाहेरच बघत राहिले. ‘किती झालेत?’

‘शहात्तर.’

‘बाप रे,’ ते म्हणाले आणि खरंच ओशाळले. ‘मी पडल्यापासून कोणी हात नाही लावला?’

‘कोण लावणार? आम्हाला वाटत होतं तोच करतो. आईला माहीत होतं?’

‘तिला कशाला सांगायचं? पहिल्यांदा मी फक्त जागा व्हावी म्हणून काढलं. डबा भरला तर आलेलं पत्र परत जातं, लोक समजतात इथं कोणी राहत नाही. कोणी बाहेरगावी असला तर त्याची पाळी घरचे करतातच की. पासवर्ड माझाच होता, त्याच्या पहिल्या सायकलीचं नाव, त्यानं कधी बदललाच नव्हता. पण त्या रविवारी तुझी आई उठून बसली. दोनदा वाढून घेतलं तिनं. मग मी काय करायला हवं होतं, सांग की.’

‘आणि माझं पत्र?’

‘आहे जागच्या जागी. मी जाहिराती तेवढ्या काढायचो. दुसऱ्याची पत्रं आपण उघडत नाही.’

‘म्हणजे त्यानं ते वाचलंच नाही.’

‘त्यानं काहीच वाचलं नाही रे. कधीच.’

माझा आवाज चढला, बाजूच्या खुर्चीतल्या आजी वळून बघायला लागल्या. ‘मी त्याला तुमच्यासमोर शिव्या घालत होतो! दफनाच्या दिवशी! आणि तुम्ही ऐकून घेत होतात?’

‘घालत होतास. मला वाटलं, घालू दे. मेलेल्याला कोणी इतक्या शिव्या घालत नाही.’

‘पण आई गेल्यावर तरी थांबायचं ना, पप्पा. त्यानंतर कोणासाठी झाडत होतात?’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, लहानपणी मी गणितात सोपी चूक केली की बघायचे तसं. ‘तू बघत होतास ना,’ ते म्हणाले.

घरी येऊन मी सायकलीचं नाव टाकलं. लाल सायकल होती ती, तिच्या दांडीवर बसून मी पहिल्यांदा शाळेत गेलो होतो, गेरोची हनुवटी माझ्या डोक्यावर आपटायची. डबा उघडला. वर आठवड्यांच्या जाहिराती, टायर अर्ध्या किमतीत, होडीसाठी दोर. आणि खाली, पप्पांनी केर काढून काढून नीट ठेवलेली आईची पत्रं, सगळी ठळक अक्षरांत, म्हणजे न उघडलेली. त्यांचे विषय तेवढे दिसत होते. आज मसूर केले होते. तुझा निळा स्वेटर धुतला. इकडे धुकं आहे. इर्मीला मुलगी झाली. काही नाही, सहज. त्यांच्या शेवटी आलेलं माझं, तेही ठळक: आई जातेय. ये. मी तिथे बसून रडलो. आधी मला सुटल्यासारखं वाटलं, की त्यानं माझे शब्द केरात टाकले नव्हते, त्याच्यापर्यंत ते पोचलेच नव्हते, आणि मला आता त्याचा राग करायची गरज नाही. आणि मग कळलं की राग गेला तसा तोही गेला. शनिवारची सुट्टी गेली, खोली गेली, आईनं उघडून दिलेली समुद्राकडची खिडकी गेली. ज्या वसंतात त्यानं पत्रपेटीत किल्ल्या टाकल्या त्यानंतर त्याचा कुठे म्हणजे कुठे मागमूस नव्हता. इतकी वर्षं मी एका म्हाताऱ्याच्या झाडण्यावर चिडत होतो. मी काहीही न पुसता डबा बंद केला. ठरवलं की शनिवारी इर्मीला सगळं सांगून टाकायचं. तिला तरी या खेळात अडकवायचं नाही. ती तशीही यातली नव्हती, तिला ते ऐकून बरंच वाटेल, तिचा सगळा हिशेब एकदाचा चुकता होईल.

तरी दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन करून मी लाइन माझ्या नावावर घेतली. का, ते मला तेव्हा विचारलं असतं तर मी काहीतरी तांत्रिक कारण दिलं असतं.

शनिवारी इर्मी बादल्या घेऊन आली, डोक्याला रुमाल बांधून. रिकाम्या खोल्यांत आमचे आवाज मोठे येत होते. तिनं शेगडीमागची भिंत घासली, मी खिडक्या पुसल्या, भिंतीतून मोडेम काढला आणि तारेसकट पिशवीत घातला. ती ते बघत होती.

‘तोडलीस?’

‘नाही. माझ्या घरी हलवली.’

मी टोमण्याची वाट बघत राहिलो. ‘मूर्ख आहेस,’ ती म्हणाली, पण हळू, आणि पुन्हा भिंत घासायला लागली.

शेवटी जिना. पाळी आमची नव्हती, पण जाणाऱ्यानं एकदा झाडून जायचं असतं. मी वरून झाडत उतरलो, ती मागून ओल्या फडक्यानं पुसत आली. एकेका पायरीवर मी वाक्य जुळवत होतो. इर्मी, तो पप्पांचा हात होता. इर्मी, ऐक, गेरो कधीच नव्हता. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पप्पा जिथे पडले होते तिथे, मी केरसुणी भिंतीला टेकवली आणि तिच्याकडे वळलो. ती बादलीवर वाकून फडकं पिळत होती. मान वर न करता तिनं विचारलं, ‘किती झालेत?’

‘काय किती?’

‘सोंग करू नकोस. टक्के.’

मी केरसुणी पुन्हा हातात घेतली. ‘तुला काय करायचंय? रद्दी म्हणत होतीस ना?’

‘म्हणते. म्हणून काय बघत नाही असं आहे का?’ तिनं फडकं बादलीच्या काठावर टाकलं. ‘दर रविवारी पप्पांना फोन करायचे मी. औषध घेतलं का, जेवलात का, आणि मग ते आपणच सांगायचे, तीस. मी कधी विचारलं नाही हं. ते सांगायचे. आता तिथे त्यांना आकडा बघता येत नाही, आणि तुला विचारायची लाज वाटते.’ ती पॅंटला हात पुसत होती, पुसलेलेच पुन्हा पुसत होती. ‘पंच्याहत्तर म्हणालास तेव्हापासून झोप नाही मला. सांग ना. आला का खाली?’

वाक्य तयार होतं. पहिला शब्द तिचं नावच होता आणि तो मी उच्चारलाही. तिनं मान वर केली. तिच्या रुमालाखालून पांढरे केस बाहेर आले होते आणि डोळे, मी रोज इतके डोळे बघतो, त्या वळणावरच्या उजेडात अगदी आईचे होते.

‘अठ्ठ्याहत्तर,’ मी म्हणालो. ‘पण आज शनिवार आहे ना. संध्याकाळपर्यंत येईल खाली.’

‘हो,’ ती म्हणाली, ‘शनिवारीच करतो तो.’ आणि बादली उचलून ती पुढच्या पायरीवर उतरली.